सिलिंडर व रेग्युलेटर यांचा मेळ

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या वाड्यावर हल्लीं विजेचें वेल्डिंग मशीन आलेलें आहे. फणाचें टोंक झिजलें, ट्रॉलीची कडी निखळली किंवा वखराची पास वांकली म्हणजे तालुक्याच्या गांवीं धांव घ्यावयाची व मिस्त्रीच्या दारांत अर्धा दिवस बसून राहावयाचें, ही अडचण त्यामुळें बरीच कमी झाली. परंतु जाड पत्रा कापावयाचा, गंजून बसलेला नट तापवून सोडवावयाचा, पातळ नळीस पितळेची जोड द्यावयाची, अशीं कांहीं कामें विजेपेक्षां गॅसनेंच नीट होतात. म्हणून ज्यांस थोडी हातोटी साधली ते आतां ऑक्सिजन व अ‍ॅसिटिलीन यांचे दोन सिलिंडर आणून घरींच ठेवूं लागले आहेत. सिलिंडर विक्रेत्याकडून ठरीव रीतीनें भाड्यानें येतात. टॉर्चहि पाहून घेतला जातो. मधला रेग्युलेटर मात्र 'कोणताहि चालेल' अशा समजुतीनें जुन्या बाजारांतून उचलला जातो किंवा चित्र पाहून घरपोंच मागविला जातो. ह्या मधल्या वस्तूविषयींच आज लिहावयाचें योजिलें आहे. ज्योत कशी राखावी, टॉर्च कसा धरावा, हा विषय निराळा असून तो जाणत्याच्या हाताखालीं शिकल्यावांचून येत नाहीं.

रेग्युलेटराचें काम कालव्याच्या दारासारखें आहे. धरणांत पाणी किती आहे याच्याशीं पिकास कर्तव्य नसतें. चारींत तें ठरल्या मापानें यावें, एवढेंच पाहावयाचें असतें. भरलेल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरांत दर चौरस सेंटिमीटरास सुमारें १५० किलो दाब असतो. ट्रॅक्टरच्या मागल्या चाकांत हवेचा दाब एक-दीड किलोच्या आसपास असतो, यावरून ह्या आंकड्याची कल्पना यावी. टॉर्चास साध्या जोडकामांत अर्ध्या किलोपासून फार तर दोन किलोपर्यंत ऑक्सिजनचा दाब लागतो; पत्रा कापतांना त्याहून कांहीं अधिक. हा १५० चा दाब दोनांवर उतरवावयाचा, आणि सिलिंडर रिता होत चालला तरी बाहेरचा दाब सारखा राखावयाचा, हें काम एक पातळ पडदा, एक स्प्रिंग व वाटाण्याएवढी एक बैठक मिळून करितात. पुढील स्क्रू आंत फिरविला म्हणजे स्प्रिंग पडद्यास ढकलते व बैठक उघडते. बाहेरच्या अंगास पुरेसा दाब भरला म्हणजे तोच पडद्यास उलट ढकलून बैठक मिटवितो. यंत्र इतकें साधें आहे. परंतु तें ज्या गॅससाठीं व ज्या दाबासाठीं बनविलेलें असतें, त्याच गॅसवर व त्याच दाबांत तें भरंवशाचें.

ह्या बाबतींत आमची स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे, कारण तिच्यापासूनच आम्ही हा विषय शिकलों. सन २०१७ च्या वैशाखांत कल्टिव्हेटरचे फण तापवून सरळ करावयाचे होते. आमच्या चिरंजिवांनीं सिलिंडर आणले. नवा रेग्युलेटर घेण्याचें त्यांच्या मनांत होतें. पण आम्हींच हट्टानें जुन्या बाजारांतून एक वापरलेला घेतला. दिसावयास चांगला, घड्याळें शाबूत, आणि किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी. त्याचा पूर्वीचा धनी फ्रिज दुरुस्त करणारा असून तो रेग्युलेटर नायट्रोजनच्या सिलिंडरावर चालत असे, हें विकणाऱ्यानें लपविलें नाहीं. 'आंटे तेच आहेत, बसेल,' असें तो म्हणाला, आणि तें अक्षरशः खरें होतें. रेग्युलेटर ऑक्सिजनच्या सिलिंडरावर हाताच्या फेऱ्यांनींच सफाईनें बसला. चिरंजिवांनीं वरची किल्ली एकदम अर्धा फेरा फिरविली मात्र, तों फटकन् आवाज झाला, रेग्युलेटरांतून ठिणग्यांचा झोत निघाला व घड्याळाची कांच उडाली. सुदैवानें ते बाजूस उभे होते; मनगट भाजलें, डोळे वांचले. किल्ली बंद करण्याचें भान त्यांस राहिलें म्हणून पुढचें टळलें. त्या वर्षीं मृगाच्या पेरणींत त्यांचा उजवा हात बांधलेला होता, व आमच्या स्वस्ताईचा हिशोब रोज डोळ्यांसमोर वावरत होता.

कारण पुढें उलगडलें. फ्रिजच्या कामांत कॉम्प्रेसरच्या तेलाचा संबंध पदोपदीं येतो. त्या तेलाचा पुसट लेप रेग्युलेटराच्या आंत बसलेला होता. नायट्रोजन हा आगीस मदत न करणारा वायु; त्याच्या संगतींत तेल वर्षानुवर्षें निरुपद्रवी राहिलें. ऑक्सिजन मोठ्या दाबानें एकाएकीं आंत शिरला म्हणजे पुढचा वायु चेपला जाऊन भयंकर तापतो. सायकलचा पंप मारतांना त्याचा तळ हातास ऊन लागतो, तोच हा प्रकार. येथें मात्र ऊष्णता शेकडों अंशांवर जाते, आणि शुद्ध ऑक्सिजनांत तेव्हां तेलच काय, रबर व प्रसंगीं धातूहि पेट घेतात. महसुलाच्या नोकरींत आम्हीं पुष्कळ सात-बारे पाहिले. जमीन एकाच्या कब्जांत व नांव दुसऱ्याचें असलें तरी शेत पिकत राहतें. तंटा उभा राहीपर्यंत चूक कोणास दिसत नाहीं. आंटे बसणें हा कब्जा झाला, व गॅसचें नांव जुळणें ही नोंद झाली. सात-बाऱ्याच्या तंट्यास वर्षें लागतात; येथें पळभरहि लागत नाहीं.

म्हणून प्रथम सिलिंडरांत काय आहे तें निश्चित करावें. आपल्या देशांत कारखानी ऑक्सिजनचा सिलिंडर काळा, अ‍ॅसिटिलीनचा मरून म्हणजे गर्द काळपट तांबडा, व आर्गनचा मोरपंखी निळा रंगविण्याची पद्धति आहे. दवाखान्याच्या ऑक्सिजनचा सिलिंडरहि काळाच, पण त्याचा खांदा पांढरा असतो. एकट्या रंगावर मात्र विसंबूं नये; धुरानें, गंजानें व उन्हानें तो ओळखू येईनासा होतो. सिलिंडरावर लिहिलेलें गॅसचें नांव वाचावें, आणि खांद्यावर ठोकलेल्या अक्षरांत परीक्षेची तारीख पाहावी. ऑक्सिजनसारख्या गॅसच्या सिलिंडरांची दर पांच वर्षांनीं पाण्याच्या दाबाखालीं परीक्षा व्हावी लागते. ह्या सर्वांचे नियम सन २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांत असून ते चालविणाऱ्या 'पेसो' ह्या सरकारी खात्याची मुख्य कचेरी आपल्या नागपुरासच आहे. नांव नसलेला किंवा खरडलेला सिलिंडर विक्रेत्यास तसाच परत करावा. त्यांत काय असेल याचा तर्क करीत बसूं नये.

आतां आंट्यांविषयीं. जळणाऱ्या गॅसच्या सिलिंडराचे आंटे डावे व इतरांचे उजवे, हा ठळक नियम आहे. डाव्या आंट्याच्या नटाच्या कोपऱ्यांवर बारीक खांचा पाडलेल्या असतात. त्या पाहिल्या म्हणजे पाना कोणत्या बाजूस फिरवावयाचा हें अंधाऱ्या छपरांतहि कळतें. आपल्याकडे ऑक्सिजन व अ‍ॅसिटिलीन या दोहोंचें माप सामान्यतः पांच-अष्टमांश इंच बी. एस. पी. असेंच असतें, भेद केवळ उजव्या-डाव्याचा. कोठें कोठें अ‍ॅसिटिलीनच्या सिलिंडरास आंट्यांऐवजीं क्लॅम्पची जोडणी आढळते. तेथें रेग्युलेटरहि तसाच लागतो. आंट्याच्या जोडणींत आंटे व्हॉल्व्हच्या आंतल्या अंगास असतात, आणि रेग्युलेटराचें गोलसर तोंड, ज्यास कारागीर 'बुलनोज' म्हणतात, तें व्हॉल्व्हच्या खोलगट बैठकींत धातूवर धातु असें टेंकतें. गळती थांबते ती ह्या टेंकण्यानें, आंट्यांनीं नव्हे. हें ध्यानांत घेतलें म्हणजे आंट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळण्याची नळकाम करणारांची संवय येथें कां चालत नाहीं तें समजेल. पट्टीनें कांहीं साधत नाहीं, उलट तिचा तुकडा आंत जाऊन बैठकींत अडकतो. तोंड गळत असेल तर तें स्वच्छ कोरड्या फडक्यानें पुसावें. तरीहि गळल्यास बैठकीवर ओरखडा आहे असें समजून सिलिंडर किंवा रेग्युलेटर, ज्याचा दोष असेल तो बदलून आणावा. पान्यास लांब नळी घालून बळानें आवळणें हा उपाय नव्हे.

आंट्यांच्या ह्या योजनेनें ऑक्सिजनचा रेग्युलेटर अ‍ॅसिटिलीनवर बसत नाहीं, एवढी चूक टळते. परंतु ऑक्सिजन, नायट्रोजन व आर्गन यांचे आंटे एकच आहेत, आणि त्यांच्यामध्यें अदलाबदल होऊं नये म्हणून लोखंडांत कोणतीहि अडवणूक ठेवलेली नाहीं. तेथें रेग्युलेटरावर लिहिलेलें नांव हाच काय तो पहारेकरी. एकदां दुसऱ्या गॅसवर चाललेला रेग्युलेटर धुऊन पुसून ऑक्सिजनवर घेऊं नये. आंतील तेल बाहेरच्या पुसण्यानें जात नाहीं.

सन २०२१ च्या महामारीच्या लाटेंत कित्येकांनीं घरच्या आजाऱ्यासाठीं ऑक्सिजनचा सरंजाम घेतला, व तो अजून माळ्यावर पडून आहे. मोठ्या सिलिंडरासाठीं घेतलेलें तें पाण्याची बाटली लावलेलें उपकरण कारखानी सिलिंडरावरहि बसतें. परंतु तें रोग्यास मिनिटाला कांहीं लिटर इतका संथ प्रवाह देण्यासाठीं असून त्यानें टॉर्चाचा दाब कमीजास्त करितां येत नाहीं. शिवाय आज वर्कशॉपांत तेलकट झालेली वस्तु उद्यां घाईनें आजाऱ्याच्या उशाशीं जाईल, हाहि विचार करावा. तीं उपकरणें वेगळीं बांधून ठेवावींत.

घरपोंच मागविलेल्या परदेशी रेग्युलेटरांची एक गंमत आमच्या पाहण्यांत आली. चिनी बनावटीच्या ऑक्सिजन रेग्युलेटरावर माप पांच-अष्टमांश इंचच लिहिलेलें असतें. आपलें मापहि तेंच, म्हणून मनुष्य निःशंकपणें मागवितो. पण त्या देशांत सिलिंडराच्या व्हॉल्व्हचे आंटे बाहेरून असतात व रेग्युलेटराच्या नटाचे आंतून. आपल्याकडे नेमकें उलट. आंकडा जुळला आणि नर-मादी चुकली! अमेरिकन रेग्युलेटरावर सी. जी. ए. ५४० किंवा ५१० असे आंकडे असतात; त्यांचीं मापेंच निराळीं. अशा वेळीं लोक लेथवाल्याकडे जातात व पितळेच्या तुकड्याचा एक सांधा करवून घेतात. लेथवाला हातानें कुशल असेल, पण त्याच्या हातांतील पितळ कोणत्या प्रतीचें, आंट्यांची खोली पुरेशी आहे कीं नाहीं, व तो सांधा १५० किलो दाबास टिकेल कीं नाहीं, याची परीक्षा करण्याचें साधन त्याच्याजवळ नसतें. असा सांधा मधून सुटला तर रेग्युलेटर गोफणीच्या धोंड्यासारखा जातो. वस्तु परत करावी. ती परत घेत नसतील तर नुकसान सोसावें. खरेदीपूर्वीं आपल्या सिलिंडराच्या व्हॉल्व्हचें तोंड नीट पाहून, आंटे आंतून कीं बाहेरून, उजवे कीं डावे, हें कागदावर टिपून न्यावें, किंवा जेथून गॅस येतो त्याच विक्रेत्याकडून रेग्युलेटर घ्यावा.

अ‍ॅसिटिलीनची प्रकृति अगदींच निराळी आहे. हा गॅस मोकळ्या स्थितींत दाबला असतां हवा नसतांनाहि आपोआप फुटतो. म्हणून त्याच्या सिलिंडरांत सच्छिद्र पदार्थ ठासून भरलेला असतो, त्यांत अ‍ॅसिटोन नांवाचें द्रव मुरविलेलें असतें, व त्या द्रवांत गॅस विरघळविलेला असतो; बाजारांत यास 'डी. ए.' म्हणतात. अ‍ॅसिटोनची युक्ति फ्रान्सांत १८९६-९७ च्या सुमारास जॉर्ज क्लोद व आल्बेर हेस यांनीं काढली. सिलिंडरांत दाब सुमारें १५ किलो असतो. परंतु रेग्युलेटराच्या पुढें, नळींत व टॉर्चांत, तो दर चौरस सेंटिमीटरास एक किलोच्या वर कदापि जाऊं देऊं नये. साध्या कामास अर्धा किलोहि पुष्कळ होतो. ह्यासाठींच अ‍ॅसिटिलीनच्या रेग्युलेटराचें बाहेरील घड्याळ लहान आंकड्यांचें असून त्यावर धोक्याची तांबडी खूण असते. ऑक्सिजनचें मोठें घड्याळ तेथें बसविल्यास एक व दीड यांतील फरक डोळ्यांस दिसणारच नाहीं. सिलिंडर उभाच ठेवावा, नाहींतर अ‍ॅसिटोन गॅसबरोबर वाहून येतें. आडवा करून आणला असल्यास कांहीं तास उभा करून मग वापरावा. एका तासांत त्याच्या एकंदर सांठ्याच्या सातव्या हिश्शाहून अधिक गॅस ओढूं नये असा जुना नियम आहे. दहावा हिस्सा धरल्यास अधिक चांगलें. आणि अ‍ॅसिटिलीनच्या वाटेवर तांब्याची नळी किंवा सांधा घालूं नये, कारण तांब्याशीं त्याचा संयोग होऊन धक्क्यानें उडणारा पदार्थ बनतो.

स्वयंपाकाच्या गॅसविषयीं दोन शब्द कडक लिहिणें भाग आहे. अ‍ॅसिटिलीन महाग, म्हणून पुष्कळजण ऑक्सिजनबरोबर एल. पी. जी. वापरतात. कापण्यास व तापविण्यास तो चांगला आहे. पोलाद वितळवून जोडण्यास नाहीं. पण त्यासाठीं घरांतील १४.२ किलोचा तांबडा सिलिंडर ओढून छपरांत न्यावयाचा, ही सर्रास चाललेली रीत सन २००० च्या सरकारी हुकुमाविरुद्ध आहे, आणि कामाच्या दृष्टीनेंहि खोटी आहे. चुलीचा रेग्युलेटर दर चौरस सेंटिमीटरास सुमारें ३० ग्रॅम एवढाच दाब देतो. कटरास तो पुरत नाहीं. मग कोणी रेग्युलेटर फेंकून देऊन व्हॉल्व्हची पिन दाबून ठेवणारी कसलीशी तोटी बसवितो, म्हणजे सिलिंडर व नळी यांमध्यें दार असें उरतच नाहीं. हा गॅस हवेहून जड असल्यानें गळाला तर उडून न जातां पेवांत, खड्ड्यांत, विहिरींत सांचतो. ज्यास हा गॅस वापरणेंच आहे त्यानें १९ किलोचा व्यापारी सिलिंडर, त्याचा स्वतःचा जास्त दाबाचा रेग्युलेटर, एल. पी. जी. चीच नळी व त्यासाठीं बनविलेलें टॉर्चाचें टोंक, असा सगळा संच घ्यावा.

ज्यांनीं तारेचें, म्हणजे मिग, मशीन घेतलें आहे त्यांस कार्बन डायऑक्साइड किंवा आर्गन लागतो. येथें रेग्युलेटर दाबाऐवजीं प्रवाह मोजतो. सामान्य कामास मिनिटाला १० ते १५ लिटर पुरतात. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरांत द्रव असतें. तें संपेपर्यंत घड्याळाचा कांटा जागचा हलत नाहीं. म्हणून शिल्लक किती हें वजनावरून ओळखावें. गॅस जोरानें सुटतांना अति थंड होऊन रेग्युलेटर गोठतो, यास्तव विजेनें तापणारा रेग्युलेटर मिळतो तो घ्यावा. ह्या सिलिंडराची जोडणी आर्गनहून वेगळी असल्यामुळें येथें गफलत होण्याचा संभव कमी.

प्रत्यक्ष जोडतांना हात व फडकें दोन्हीं तेलविरहित असावींत. ट्रॅक्टरला ग्रीज भरून त्याच हातांनीं ऑक्सिजनच्या रेग्युलेटरास स्पर्श करूं नये. हें शेतकऱ्याच्या घरीं सांगितल्यावांचून पाळलें जात नाहीं. सिलिंडर सांखळीनें खांबास बांधावा. रेग्युलेटर लावण्यापूर्वीं, जवळ विस्तव नाहीं असें पाहून, व्हॉल्व्हची किल्ली क्षणभर किंचित् उघडून मिटावी म्हणजे तोंडांतील धूळ उडून जाते. मग रेग्युलेटर हातानें बसवून बेताच्या पान्यानें आवळावा. त्याचा पुढील स्क्रू पूर्ण सैल करावा. तो आवळलेला असतांना सिलिंडर उघडला तर सगळा दाब थेट पुढें जातो. स्वतः घड्याळासमोर उभें न राहतां बाजूस राहून किल्ली अगदीं हळू, कांट्यावर नजर ठेवून उघडावी. अ‍ॅसिटिलीनची किल्ली एक ते दीड फेऱ्याहून अधिक उघडूं नये, व काम संपेपर्यंत ती व्हॉल्व्हवरच ठेवावी. सांध्यांवर साबणाचें पाणी लावून बुडबुडे येतात कीं काय पाहावें. ज्योत उलटी नळींत शिरूं नये म्हणून दोन्हीं रेग्युलेटरांच्या पुढें 'फ्लॅशबॅक अरेस्टर' नांवाचा तुकडा बसवितात. त्याचा खर्च टाळूं नये. ज्यांचें काम अजून कार्बाइडच्या टाकीवर चालतें त्यांस त्या बाजूस सिलिंडराचा रेग्युलेटर लागत नाहीं, पण पाण्याचा सील त्यांनींहि दररोज तपासलाच पाहिजे.

रेग्युलेटर आंतून बिघडला आहे कीं नाहीं हें घरींच कळतें. टॉर्च बंद ठेवून दाब एक किलोच्या आंत लावावा व पांच मिनिटें बाहेरील घड्याळ पाहावें. कांटा आपण होऊन वर चढूं लागला तर बैठक मिटत नाहीं, असें समजावें. तसा रेग्युलेटर त्याच दिवशीं काढून बनविणाऱ्याच्या अधिकृत दुरुस्तीकडे पाठवावा. घरीं उघडून तेल घालूं नये. काम संपलें म्हणजे प्रथम सिलिंडर बंद करावे, नळ्यांतील गॅस एकेक करून सोडून द्यावा, दोन्हीं कांटे शून्यावर आल्यावर स्क्रू सैल करावे. सिलिंडर अगदीं रिता होईतों वापरूं नये. थोडा दाब शिल्लक असतां किल्ली मिटली म्हणजे आंत हवा व ओल शिरत नाहीं. रेग्युलेटर काढून प्रत्येकावर गॅसचें नांव तेलाविना घट्ट बसेल अशा चिठ्ठीनें लावावें, निरनिराळ्या स्वच्छ पिशव्यांत ते ठेवावे, आणि सिलिंडरास टोपी घालून विक्रेत्याकडे परत पाठवितांना त्यावर खडूनें 'रिता' असें लिहावें.